थकलेली ई-चलने, संपत आलेला विमा आणि पंधरा वर्षांची गाडी : आधी काय करावे?

पानशेतकर · १० ऑक्टोबर २०२५

नमस्कार. आमची १,१९७ सीसीची पेट्रोल गाडी २९ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्यात नोंदवली गेली. त्यामुळे तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे येत्या २८ नोव्हेंबरला पूर्ण होत आहेत, आणि विमा त्याही आधी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर १९ ऑक्टोबरला संपतो आहे. काल विम्यासाठी एजंटला फोन केला. त्याने गाडीचा क्रमांक टाकून पाहिला आणि सांगितले, "साहेब, गाडीवर सात चलने आहेत, एकूण नऊ हजार रुपये. आधी ती भरा, नव्या नियमाप्रमाणे त्याशिवाय पॉलिसी निघत नाही."

सात चलने ऐकून मी चाटच पडलो, कारण मला आजवर एकही संदेश आलेला नव्हता. रात्री महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहिले तेव्हा उलगडा झाला. गाडी माझ्या नावावर असली तरी नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा होता आणि तो चार वर्षांपूर्वीच बंद झाला आहे. सातांपैकी तीन चलने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वेगमर्यादा ओलांडल्याची, प्रत्येकी २,००० रुपयांची आहेत. त्यातली दोन तर एकाच संध्याकाळची आहेत, घाटात ११ मिनिटांच्या अंतराने टिपलेली. दोन चलने नो पार्किंगची आहेत, पहिले ५०० आणि दुसरे १,५०० रुपयांचे. एक सिग्नल तोडल्याचे ५०० रुपयांचे आहे. सातवे मात्र अजब आहे : चारचाकीच्या क्रमांकावर हेल्मेट न घातल्याबद्दल ५०० रुपये!

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. चलने थकली असताना विमा खरोखरच नाकारला जातो का? पंधरा वर्षांनंतर रस्ता कर पुन्हा भरावा लागतो असे म्हणतात, त्याचे नेमके काय? आणि हातात नऊच दिवस असताना यातले कोणते काम आधी उरकावे? टाळाटाळ करण्याचा हेतू नाही. जो दंड माझा आहे तो मी भरणारच आहे.

विमाताई · १० ऑक्टोबर २०२५

मी सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात बावीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देऊ शकते. थकलेल्या चलनामुळे विमा कंपनीने पॉलिसीचे नूतनीकरण नाकारावे असा कोणताही नियम आजच्या घडीला नाही. प्रस्ताव अर्जात तुम्हाला मागील पॉलिसी, मागील दावे, गाडीतील बदल आणि बोजा यांविषयी विचारले जाते, चलनांविषयी नाही. एजंटने गाडीचा क्रमांक टाकला आणि पडद्यावर चलने दिसली, एवढ्यावरून त्याने नियम बनवून टाकलेला दिसतो.

हा समज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, असल्याशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असे निर्देश दिले होते, आणि त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना तशी परिपत्रकेही पाठवली. तेव्हापासून "विम्यासाठी सरकारी कागद आधी पुरा करावा लागतो" हे एजंटांच्या डोक्यात पक्के बसले. पुढे विमा कंपन्यांच्या परिषदेनेच न्यायालयाला विनंती केली, कारण या अटीमुळे लोक तृतीय पक्ष विम्याविनाच (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली हानी भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्याविनाच) गाड्या चालवू लागले होते. २६ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने ती अट काढून टाकली. म्हणजे आज पीयूसीसाठीसुद्धा विमा अडत नाही, चलनासाठी तर नाहीच नाही. (अर्थात पीयूसी नसेल तर त्याचा दंड वेगळा आहे आणि रिपासिंगच्या, म्हणजे नोंदणी नूतनीकरणासाठीच्या तपासणीच्या, वेळी ती लागतेच, त्यामुळे ती काढून ठेवा.)

तुमच्या बाबतीत मी विमा आधी करण्याचा आग्रह धरीन. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता जून २०२२ पासून ३,४१६ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे ४,०३१ रुपये होतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि १५ लाखांचे मालक-चालक अपघात संरक्षण यांचे पैसे त्यावर. हे पैसे वाचवण्यासाठी किंवा "आधी चलने निस्तरू" म्हणून पॉलिसी एक दिवस जरी खंडित झाली, तरी सर्वसमावेशक पॉलिसीसाठी कंपनी गाडीची तपासणी मागते. खंड नव्वद दिवसांपुढे गेला तर पाच-सहा वर्षे दावा न करता साठवलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातील सूट, शून्यावर येतो. विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, पण तो सर्वांत लहान धोका समजा. गाडीखाली कोणी आले तर तृतीय पक्षाच्या मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही आणि विमा नसेल तर ती सगळी रक्कम मालकाच्या खिशातून जाते.

चिकित्सक · १० ऑक्टोबर २०२५

विमाताईंचा अनुभव मान्य करूनही एक शंका उपस्थित करतो. चलनांचा इतिहास पाहून हप्ता वाढणार अशा बातम्या मी स्वतः वाचल्या आहेत. त्या सगळ्याच अफवा होत्या का?

विमाताई · ११ ऑक्टोबर २०२५

अफवा नव्हत्या, प्रस्ताव होता. विमा नियामकाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये "वाहतूक नियमभंग हप्ता" नावाचा एक नवा भाग मोटार विम्यात जोडावा अशी शिफारस केली होती. दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० गुण, चुकीच्या जागी उभी केल्यास १० गुण, आणि साठलेल्या गुणांनुसार दुचाकीला १०० ते ७५० व चारचाकीला ३०० ते १,५०० रुपये जादा हप्ता, अशी ती मांडणी होती. सुरुवात दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात करावी असेही सुचवले होते. ती योजना लागू झालेली नाही. शिवाय नीट पाहिले तर त्या प्रस्तावातही पॉलिसी नाकारण्याची भाषा नव्हती, हप्ता वाढवण्याची होती. विमा हा कायद्याने सक्तीचा असल्याने तो नाकारण्याला कारणे वाढवणे कोणालाच परवडणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेम्पोमालक_नाशिक · ११ ऑक्टोबर २०२५

विम्याचे ताईंनी सांगितले ते बरोबर आहे. चलनांचा खरा अडथळा आरटीओच्या दारात येतो. माझ्या दोन मालवाहू टेम्पोंचे दर वर्षी पासिंग असते आणि गाडीवर चलन शिल्लक असेल तर अर्ज पुढे सरकत नाही, हा माझा तिथला नेहमीचा अनुभव आहे. परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत गाडीवर "नॉट टू बी ट्रान्झॅक्टेड" (व्यवहार करू नये) असा शेरा पडला की नाव बदलणे, बँकेचा बोजा उतरवणे, दुसऱ्या राज्यासाठी ना हरकत घेणे, सगळेच ठप्प होते. आम्हा मालवाहतूकदारांचा जुलै २०२५ मधला संप याच ई-चलनांच्या जाचाविरुद्ध होता. माल उतरवायला बाजारपेठेत दहा मिनिटे टेम्पो उभा केला की समोरून कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो आणि संध्याकाळी १,५०० रुपयांचा संदेश येतो. उतरवायला जागा कुठे आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

असो. रस्ता कराविषयी लिहितो. तुमच्या खासगी गाडीचा कर महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळीच एकरकमी घेतलेला असतो, तो दर वर्षी भरायचा नसतो. दर वर्षी कर भरण्याची कटकट आमच्यासारख्या परिवहन वाहनांना आहे. पंधरा वर्षांनंतर तुम्हाला जो भरावा लागेल तो पर्यावरण कर, आणि तो पाच वर्षांसाठी असतो. मेहुण्याच्या पेट्रोल गाडीचा २०२३ मध्ये ३,००० रुपये भरला होता. त्याखेरीज नोंदणी नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क आहे. ते १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील चारचाकीला ५,००० रुपये झाले आहे, पूर्वी ६०० होते. मुदत उलटली तर दर महिन्याला आणखी ५०० रुपये विलंब शुल्क लागते. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे तुमची खिडकी उघडलेली आहे. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा क्रमांक पाटी, बसवली नसेल तर तीही आधी बसवून घ्या, नाहीतर हेलपाटा होईल.

वकिली_चष्मा · ११ ऑक्टोबर २०२५

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, परंतु त्या दोहोंना जोडणारा दुवा सुटला आहे आणि धागाकर्त्यांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

तृतीय पक्षाच्या दाव्यात विमा कंपनीला कोणत्या कारणांवर हात झटकता येतात याची यादी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५० मध्ये दिली आहे. चालकाकडे वैध परवाना नसणे, चालक नशेत असणे, परवान्याविरुद्ध भाड्याने वापर करणे, महत्त्वाची माहिती दडवणे अशी ती कारणे आहेत. थकलेले चलन त्या यादीत नाही. त्यामुळे केवळ चलने थकली म्हणून तुमचे विमा संरक्षण कमी होत नाही.

मात्र चलनांमुळे आरटीओतील नूतनीकरण अडले, अडल्यामुळे २८ नोव्हेंबर उलटला, आणि त्यानंतर गाडी चोरीला गेली किंवा तिचा अपघात झाला, तर चित्र पार बदलते. वैध नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर वापरणे हा विमा कराराच्या मूलभूत अटीचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितले आहे. दोन्ही प्रकरणे नव्या गाड्यांची तात्पुरती नोंदणी संपल्याची होती, पण कंपनीचा वकील तोच युक्तिवाद तुमच्यापुढे मांडणार हे गृहीत धरा. शिवाय कलम १९२ खाली नोंदणीविना गाडी चालवण्याचा दंड पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आहे. तात्पर्य, चलन विम्याला थेट हात लावत नाही, ते नोंदणीच्या मागच्या दाराने विम्यापर्यंत पोहोचते. पहिले दार तुमच्यासाठी उघडे आहे, तेव्हा विमा आजच घ्या. दुसऱ्या दारासाठी तुमच्याकडे अठ्ठेचाळीस दिवस आहेत, ते वाया घालवू नका.

आता चलनांकडे वळू. सगळी डोळे मिटून भरू नका. प्रत्येक चलनाचे छायाचित्र उघडा, मोठे करून पाहा, आणि पाटीवरील क्रमांक, गाडीचा प्रकार, रंग, स्थळ व वेळ ताडून पाहा. हेल्मेटचे चलन उघडच दुसऱ्याचे आहे. त्याच्यावर संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीतून आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत आणि गाडीचे छायाचित्र जोडून हरकत घ्या. एकदा पैसे भरले की तुम्ही गुन्हा मान्य करून तडजोड केली असा अर्थ होतो आणि नंतर हरकतीला जागा उरत नाही. म्हणून "सर्व भरा" हे बटण दाबण्याचा मोह टाळा.

चिकित्सक · १२ ऑक्टोबर २०२५

वकीलसाहेब, केवळ दंडाच्या शिक्षेच्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत असते आणि त्यानंतरची चलने आपोआप बाद होतात, असे सांगणारा संदेश सगळीकडे फिरतो आहे. पानशेतकरांची निम्मी चलने वर्षापूर्वीची असतील. मग ती भरायचीच कशाला?

वकिली_चष्मा · १२ ऑक्टोबर २०२५

त्या संदेशात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य पुऱ्या असत्यापेक्षा जास्त महागात पडते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ नुसार केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास न्यायालयाला सहा महिन्यांची मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम ५१४ मध्ये आहे. परंतु ही मर्यादा न्यायालयावर आहे. चलन न्यायालयात गेलेच नसेल, तर सहा महिने उलटले म्हणून ते संगणकावरून स्वतःहून पुसले जात नाही, आणि आरटीओतील कारकुनासमोरचा पडदा कलम ५१४ वाचत नाही. हा मुद्दा न्यायालयात मांडायचा तर तारखा, वकील आणि वेळ लागेल. चलन आधीच आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयात गेले असेल तर मुद्दा आणखी गुंतागुंतीचा होतो. ज्याच्यावर लाखभर रुपयांची चलने आहेत अशा वाहतूकदाराने तो जरूर मांडावा. साडेआठ हजारांसाठी आणि दीड महिन्याच्या मुदतीत तो मांडणे मला व्यवहार्य वाटत नाही.

रोहिणी_ठाणे · १२ ऑक्टोबर २०२५

एक सावधगिरीची सूचना करते. माझ्या सासऱ्यांना व्हॉट्सअॅपवर "तुमच्या गाडीचे चलन" म्हणून एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल) आली होती आणि त्यांनी ती उघडली. बँकेत वेळेत फोन केला म्हणून वाचलो. सरकारी चलनाचा दुवा नेहमी जीओव्ही डॉट इन वर संपतो आणि त्यासाठी कोणतीही फाइल मोबाइलमध्ये बसवावी लागत नाही. चलन पाहायचे तर संदेशातील दुव्यावर टिचकी न मारता आपण स्वतः संकेतस्थळ उघडून गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकावेत.

पानशेतकर, तुम्ही सर्वप्रथम परिवहनच्या संकेतस्थळावर आपला मोबाइल क्रमांक बदलून घ्या. नाहीतर आज सात निस्तराल आणि पुढच्या वर्षी पुन्हा येथेच धागा काढाल.

शारजाकर · १३ ऑक्टोबर २०२५

तुमची चर्चा वाचून इथला प्रकार सांगावासा वाटला. अमिरातीत गाडीची नोंदणी, म्हणजे मुल्किया, दर वर्षी नवी करावी लागते आणि गाडीवरचे सगळे दंड भरल्याशिवाय ती होतच नाही. त्यामुळे "थकबाकी" साठायला जास्तीत जास्त एक वर्ष मिळते. गंमत म्हणजे इथेही क्रम तोच आहे : आधी विमा, मग तपासणी, मग दंड, मग मुल्किया. विमा तेरा महिन्यांचा मिळतो, तो जादा महिना नूतनीकरणाची धावपळ करण्यासाठीच असतो. शारजात आणि अबूधाबीत गंभीर गुन्हे वगळता साठ दिवसांत दंड भरला तर ३५ टक्के सूट मिळते, त्यामुळे माणूस संदेश आल्याच्या रात्रीच पैसे भरून मोकळा होतो. आपल्याकडे उशिरा भरणाऱ्याला लोक अदालतीत सूट मिळण्याची आशा आणि वेळेत भरणाऱ्याला काहीच नाही, हे उफराटे वाटते.

टेम्पोमालक_नाशिक · १३ ऑक्टोबर २०२५

शारजाकरांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या दंडावर सरसकट ५० टक्के सवलत दिली आणि यंदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा दिली. तेव्हापासून आमच्या अड्ड्यावर प्रत्येक जण "आपल्याकडेही येईल" म्हणून बसला आहे. पानशेतकर, पुढची राष्ट्रीय लोक अदालत १३ डिसेंबरला आहे. तिथे काही कमी झाले तर बघा.

वकिली_चष्मा · १३ ऑक्टोबर २०२५

लोक अदालतीत तडजोड झाली की तो निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते, हा तिचा मोठा फायदा आहे. पण सवलत हा हक्क नाही. किती कमी करायचे हे त्या त्या पॅनेलसमोर ठरते आणि काही ठिकाणी रुपयाही कमी होत नाही. धागाकर्त्यांचा हिशेब तर सोपा आहे. १३ डिसेंबर हा त्यांच्या २८ नोव्हेंबरनंतर येतो. तोवर थांबल्यास ५०० रुपये विलंब शुल्क लागेल, पंधरा दिवस गाडी घरी उभी ठेवावी लागेल, आणि त्या पंधरा दिवसांत गाडीचे काही बरेवाईट झाले तर दाव्याचा वाद अंगावर येईल. लोक अदालत ज्यांच्या गाडीची मुदत जवळ नाही त्यांच्यासाठी ठीक आहे.

पानशेतकर · १८ ऑक्टोबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. प्रगती कळवतो.

विमा ११ तारखेला रात्रीच घेतला, तोही एजंटला वगळून थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून. चलनांविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही, ५० टक्के बोनस कायम राहिला आणि दहा मिनिटांत पॉलिसी ईमेलवर आली. दुसऱ्या दिवशी एजंटला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अजून त्यांची सिस्टीम अपडेट झाली नसेल." मी त्यावर वाद घातला नाही.

मोबाइल क्रमांक बदलताना आधारवरील नाव आणि आरसीवरील नाव यांत माझ्या मधल्या नावाची एक वेलांटी आडवी आली. दोन वेळा अर्ज परत आला. तिसऱ्या वेळी तो स्वीकारला गेला.

छायाचित्रे मात्र डोळे उघडणारी निघाली. हेल्मेटच्या चलनातील छायाचित्रात पावसात भिजलेली एक राखाडी स्कूटर आहे, तिच्यावर मागे बसलेल्या बाईंच्या ओढणीने पाटीचा कोपरा झाकला आहे आणि उरलेल्या चार आकड्यांतला ३ चिखलामुळे ८ सारखा दिसतो. तो ८ धरला की क्रमांक बरोबर माझ्या गाडीचा होतो. माझी गाडी तर पांढरी आहे. आरसी, गाडीचे दोन फोटो आणि चार ओळींचा मजकूर जोडून हरकत नोंदवली.

घाटातील दोन चलनांवरही हरकत घेतली आहे, कारण एकाच उतारावर, एकाच प्रवासात दोनदा दंड हे मला अन्यायाचे वाटते. घाटात कारला ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे. कॅमेऱ्यांच्या पहिल्या कमानीखाली माझा वेग ७४ आणि दुसऱ्या कमानीखाली ७१ नोंदला आहे. चूक माझीच आहे, पण ती दोन गुन्हे आहेत की एक, हा माझा प्रश्न आहे. उरलेली चार चलने खरी होती. त्यांचे ४,५०० रुपये भरले. नो पार्किंगचे एक चलन तर पत्नीला पाहताच आठवले, आम्ही त्या दिवशी मिसळ खायला थांबलो होतो. २,००० रुपयांपर्यंत जाणारी मिसळ म्हणून आता घरात तिचे नाव निघते. खरे तर ते १,५०० चे होते, पण मिसळीचे बिल धरावेच लागेल.

चिकित्सक · १८ ऑक्टोबर २०२५

घाटातील चलनांबाबत मला तुमची बाजू पटत नाही. दोन कमानींच्या मध्ये तुम्हाला वेग कमी करण्यासाठी ११ मिनिटे मिळाली होती आणि तुम्ही ७४ वरून ७१ वर आलात. जुलै २०२४ पासून तिथे कॅमेरे बसले आहेत आणि कमानी लांबून दिसतात. प्रत्येक कमान ही वेगळी नोंद आहे.

विमाताई · १९ ऑक्टोबर २०२५

चिकित्सक प्रथमच माझ्या मनातले बोलले, म्हणून आनंद झाला. पानशेतकर, हरकत घेतलीत ते ठीक, पण तिच्या निकालाची वाट पाहत नोव्हेंबर संपू देऊ नका. दहा नोव्हेंबर ही स्वतःसाठी शेवटची तारीख ठरवा.

पानशेतकर · २४ नोव्हेंबर २०२५

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. हेल्मेटचे चलन नवव्या दिवशी रद्द झाले. घाटातील दोन्ही हरकती ६ नोव्हेंबरला फेटाळल्या गेल्या. स्थळ आणि वेळ वेगळी असल्याने ते दोन स्वतंत्र भंग आहेत, एवढे एका ओळीचे उत्तर होते. चिकित्सकांना माझा नमस्कार. विमाताईंनी दिलेली तारीख पाळून ९ नोव्हेंबरला त्यांचे ४,००० रुपये भरले. म्हणजे नऊ हजारांपैकी साडेआठ हजार माझेच होते.

इथे एक अडचण आली, ती इतरांच्या उपयोगाची आहे. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर थकबाकी शून्य दिसू लागली, तरी परिवहनच्या प्रणालीत पुढचे तीन दिवस दोन चलने तशीच दिसत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज पुढे जात नव्हता. चौथ्या दिवशी ती आपोआप गेली. मी भरण्याच्या पावत्या छापून ठेवल्या होत्या, पण त्या दाखवण्याची वेळ आली नाही. शेवटच्या दिवसासाठी हे काम ठेवणाऱ्याची मात्र तारांबळ उडेल.

त्यानंतर अर्ज, ५,००० रुपयांचे शुल्क आणि पर्यावरण कर हे सगळे ऑनलाइन झाले आणि २० नोव्हेंबरला गाडी रिपासिंगला लावली. निरीक्षकांनी बॉनेट उघडायला लावले, चेसिस क्रमांकाच्या जागी साचलेली काजळी कापडाने पुसली, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा आरसीशी ताडून पाहिला. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न तपासले. विमा आणि पीयूसी मोबाइलवरच पाहिले. मागचा उजवा इंडिकेटर लागत नव्हता, तो फाटकाबाहेरच्या गॅरेजवाल्याने ६० रुपयांत बल्ब बदलून चालू करून दिला आणि रांगेत पुन्हा उभे राहावे लागले. चलनांचा विषय कोणी काढला नाही, कारण पडद्यावर ती उरलीच नव्हती.

काल संदेश आला. नोंदणी २८ नोव्हेंबर २०३० पर्यंत वैध झाली आहे. संदेश या वेळी माझ्याच मोबाइलवर आला.

रोहिणी_ठाणे · २४ नोव्हेंबर २०२५

अभिनंदन. स्कूटरवाल्यांचे ५०० रुपये मात्र आता त्यांच्या खात्यात गेले का, याची उत्सुकता राहिली.

पानशेतकर · २४ नोव्हेंबर २०२५

तो ८ पुन्हा ३ झाला असेल तर गेले असतील. एजंटचा फोन आज पुन्हा आला होता, पत्नीच्या स्कूटरचा विमा जानेवारीत संपतो म्हणून. तिच्यावर किती चलने आहेत ते मी त्याला विचारले नाही. आधीच पाहून ठेवली आहेत, एकही नाही.